झीज कुणाच्या खाती?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, लहानशा चौकोनात, रोज कुठे ना कुठे एक वाक्य छापून येते. फोटो बदलतो, नाव बदलते, वाक्य बहुधा तेच राहते : ‘आयुष्यभर कुटुंबासाठी चंदनासारखी झिजलीस.’ खाली मुले, सुना, जावई, नातवंडे यांची नावे. पहिले पुण्यस्मरण असते, क्वचित विसावे. फोटो बहुतेक वेळा आईचा असतो. वडील असले, तर ‘कष्टाने संसार उभा केला’ असे छापतात. झिजण्याचा मान आईकडेच.

मुलांच्या भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. लिहिणाऱ्याचा गळा त्या वेळी खरोखरच दाटून आलेला असतो. पण ‘झिजणे’ या क्रियापदाकडे एकदा निवांत पाहावे, असे वाटते. रविवारची सकाळ त्यासाठी बरी.

वस्तू कमी होत जाण्याच्या, जुनी होण्याच्या जितक्या तऱ्हा, तितकी क्रियापदे मराठीने केली आहेत. लुगडे विरते, लोखंड गंजते, लाकूड किडते, पान झडते, जमीन धुपते, रंग विटतो, आजारी माणूस खंगतो. आणि पायरी, चप्पल, जात्याची तळी, नांगराचा फाळ ही सगळी झिजतात. म्हणजे ज्याला मुळात घट्टपणा आहे, टणकपणा आहे आणि जे वापरात आहे, तेच झिजते. मऊ वस्तूला आणि अडगळीत पडलेल्या वस्तूला हा शब्द आपण लावत नाही. आईला हा शब्द लावताना तिच्या टणकपणाची आणि तिच्या वापराचीही नकळत कबुली दिलेली असते.

हा शब्द आला कुठून? संस्कृतात ‘क्षि’ हा धातू आहे. कमी होणे, नाश पावणे हा त्याचा अर्थ. त्याचे ‘क्षीयते’ हे रूप. प्राकृतात त्याचे ‘झिज्जइ’ झाले आणि तिथून मराठीत ‘झिजणे’. संस्कृतातला ‘क्ष’ प्राकृतात बहुधा ‘ख’ होतो, पण काही ठिकाणी ‘छ’ आणि ‘झ’ही होतो, हे बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या व्याकरणात नोंदवून ठेवले आहे, आणि तिथे ‘झिज्जइ’चे उदाहरणही दिले आहे. एका ‘क्ष’ला अशा तीन वाटा फुटल्या आणि तिन्ही वाटांनी शब्द मराठीत येऊन पोचले. ‘पक्ष’चा ‘पाख’ झाला, ‘लक्ष’चे ‘लाख’ झाले, ही पहिली वाट. ‘क्षेत्र’चे ‘शेत’, ‘मक्षिके’ची ‘माशी’, ‘क्षुरिके’ची ‘सुरी’ ही दुसरी. आणि ‘झ’ची वाट तिसरी. हिंदीत पातळ, विरविरीत कापडाला ‘झीना’ म्हणतात, तोही ‘क्षीण’चाच वंशज, आपल्या झिजण्याचा चुलतभाऊ म्हणा.

याच तिसऱ्या वाटेवर आणखी एक शब्द भेटतो. ‘क्षर्’ म्हणजे पाझरणे, वाहून जाणे. त्याचे प्राकृतात ‘झरइ’ झाले, आणि मराठीत ‘झरणे’. डोंगरातला झरा तो हाच. आता ‘क्षर्’च्या आधी नकार जोडला की होते ‘अक्षर’ : जे पाझरून जात नाही, जे टिकते, ते. गीतेच्या पंधराव्या अध्यायात क्षर आणि अक्षर यांचा जो विचार आहे, तो याच अर्थाने. बालवाडीतले मूल पाटीवर ‘ग’ गिरवते तेव्हा न झरणारी गोष्ट गिरवत असते, हे त्याला अर्थातच कुणी सांगत नाही. न सांगितलेलेच बरे. (लग्नातल्या ‘अक्षता’ मात्र या घरातल्या नव्हेत. ‘क्षत’ म्हणजे जखम. न तुटलेला तांदूळ तो अक्षत. दिसायला जवळचे, पण गोत्र वेगळे.)

‘क्षि’ धातूचे नाम म्हणजे ‘क्षय’. क्षयरोगातला क्षय तो हाच आणि अक्षय्य तृतीयेत नाकारलेला तोही हाच. पण संस्कृतात आणखी एक ‘क्षि’ आहे. त्याचा अर्थ वस्ती करणे, राहणे. ‘क्षेत्र’ आणि ‘क्षिती’ हे शब्द त्यातून निघाले. आणि या दुसऱ्या ‘क्षि’पासूनही नाम होते, ते ‘क्षय’च! त्याचा अर्थ घर, निवासस्थान. वेदांमध्ये तो शब्द या अर्थाने येतो. घर आणि झीज यांची अक्षरे एकच. फरक फक्त उच्चारातल्या आघाताचा. पाणिनीने त्यासाठी ‘क्षयो निवासे’ असे वेगळे सूत्र केले : निवास हा अर्थ असेल तेव्हा आघात पहिल्या अक्षरावर. पुढे भाषेतले आघात गेले आणि घराचा अर्थही मागे पडला. उरला तो नाशाचा ‘क्षय’. हे दोन धातू वेगळे, योगायोगाने सारखे दिसणारे, हे व्याकरण पक्के सांगते. तरी वाचणारा क्षणभर थांबतोच.

जुन्या कल्पनेत मात्र क्षय एकटा येत नसे. चंद्राची गोष्ट आजीकडून ऐकलेली असेलच. दक्षाच्या सत्तावीस मुली चंद्राला दिल्या, त्याचे मन मात्र एकट्या रोहिणीत. दक्षाने शाप दिला, चंद्राला क्षय लागला. मग प्रभासतीर्थी उःशाप मिळाला : पंधरवडाभर झिजशील, पंधरवडाभर वाढशील. पंचांगातही क्षयतिथी आहे तशी वृद्धितिथी आहे. एखाद्या तिथीच्या वाट्याला एकही सूर्योदय येत नाही, ती क्षयतिथी; दोन सूर्योदय पाहते, ती वृद्धितिथी. हिशेब कुठेतरी भरून काढायचा असतो, ही समजूत त्यामागे आहे. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातही आपण हेच घोकले : प्रथिने शरीराची झीज भरून काढतात.

मग ‘आयुष्यभर झिजली’ या वाक्यात भरून काढण्याचा भाग कुठे गेला?

इथे व्याकरणाची थोडी गंमत आहे. गंमत म्हणायची, एवढेच. ‘झिजणे’ अकर्मक आहे. त्याला कर्म लागत नाही, करणारा लागत नाही. ते आपोआप होते. करणारा दाखवायचा असेल तर ‘झिजवणे’ म्हणावे लागते. आता आपण ‘झिजवणे’ कुठे वापरतो ते आठवा. पेन्शनसाठी चपला झिजवल्या. दाखल्यासाठी कचेरीचे उंबरठे झिजवले. चपलेच्या बाबतीत आणि उंबरठ्याच्या बाबतीतही आपण चोख आहोत. झिजवणारा कोण ते स्पष्ट सांगतो. माणसाच्या बाबतीत मात्र ‘तो समाजासाठी झिजला’, ‘ती घरासाठी झिजली’. ‘आम्ही आईला झिजवले’ असे वाक्य मराठीत चुकीचे नाही. पण ते कुणी छापून आणलेले पाहण्यात नाही.

इंग्रजीतला ‘ॲट्रिशन’ हा शब्द आता पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत सर्रास कानावर पडतो. माणसे नोकरी सोडून जातात त्याचे प्रमाण सांगायला. त्याचे लॅटिन मूळ ‘एकावर एक घासणे’ असे आहे. ‘इरोजन’चे मूळ कुरतडण्यात आहे; उंदराच्या जातीला ‘रोडन्ट’ म्हणतात तेही त्यातूनच. घासणे म्हटले की दोन पृष्ठभाग आले, कुरतडणे म्हटले की दात आले. आपल्या ‘झिजणे’त दुसरा पृष्ठभाग नाही. ते फक्त कमी होणे सांगते, कशामुळे ते सांगत नाही. चंदनाचेच पाहा ना. खोड स्वतःहून झिजत नाही. उभे चंदनाचे झाड कुणासाठी झिजत नसते. ते आपले वाढत असते आणि आतल्या गाभ्यात हळूहळू सुगंध साठवत असते. त्याला तोडावे लागते, तासावे लागते, मग सहाणेवर पाणी घालून कुणाला तरी मनगट दुखेपर्यंत उगाळावे लागते. आपल्या उपमेत खोड आले, सुगंध आला, कपाळावरचे गंधही आले. सहाण आणि उगाळणारा हात तेवढा राहून गेला.

शाळांच्या फळ्यावर एक सुविचार हमखास असायचा : गंजण्यापेक्षा झिजणे बरे. तो मूळचा आपला नव्हे. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या बिशप कंबरलंड यांच्या नावावर तो सांगितला जातो. सुविचार म्हणून ठीक आहे. पण कोणताही सायकल दुरुस्तीवाला सांगेल की लोखंडाला तिसराही मार्ग असतो, तेलाचा. तो फळ्यावर कधी आला नाही.

पंढरपूरला विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवण्याची मुभा आहे, हे त्या देवाचे वैशिष्ट्य. लक्षावधी कपाळे आणि हात शतकानुशतके त्या पायांना लागत आले. दगड झिजला. स्पर्श भक्तीचा होता म्हणून दगडाने सवलत दिली नाही. आणि इथे आपण फार शहाणपणाने वागलो. पाय झिजले हे पाहिले, उघड बोललो, तज्ज्ञांना बोलावले. २०२० साली विठ्ठल आणि रुक्मिणी दोघांच्याही मूर्तींना वज्रलेप करण्यात आला, आणि असा लेप काही पहिल्यांदा झाला नव्हता. ‘देव भक्तांसाठी झिजतो आहे, केवढी ही करुणा!’ असे म्हणून कुणी हात जोडून स्वस्थ बसले नाही.

झीज कुणाच्या खाती टाकायची, हा प्रश्न व्यवहारात मात्र जुना आहे. पेशवाईत आणि नंतरही काही काळ आपल्याकडे अनेक तऱ्हांचे रुपये चालत. अंकुशी, चांदवडी, हाली अशी कितीतरी नावे. रुपयाची किंमत त्यातल्या चांदीची. हातोहात फिरून नाणे झिजले की चांदी कमी, आणि चांदी कमी की बट्टा. ‘नावाला बट्टा लागला’ म्हणतो, तो मुळात सराफाच्या दुकानातला. सरकारी भरण्याच्या वेळी नाणी पारखायला पोतदार बसे. आजचे पोतदार आडनाव त्या कामाची आठवण आहे. आता विचार करा, रुपया झिजवला कुणी? शंभर हातांनी. बट्टा सोसला कुणी? ज्या हातात तो शेवटी होता, त्याने. म्हणजे बहुधा सारा भरायला आलेल्या कुणब्याने. १८३५ साली कंपनी सरकारने १८० ग्रेनचा, म्हणजे एक तोळ्याचा, एकच रुपया आपल्या मुलखासाठी केला. पुढे १९०६ च्या नाणेकायद्याने तर झिजेची मर्यादाच ठरवून दिली : रुपयाचे वजन ठरलेल्या वजनापेक्षा दोन टक्क्यांहून अधिक घटलेले नसेल, तर तो पूर्ण किमतीला घेतलाच पाहिजे. म्हणजे वापराने होणारी एवढी झीज शेवटच्या माणसाच्या माथी मारायची नाही, हे कायद्याने मान्य केले.

व्यापारी तर याच्याही पुढे गेले. वाणिज्य शाखेच्या मुलांना ‘घसारा’ नावाचा धडा असतो. यंत्र घेतले त्या दिवसापासून ते घासू लागते. मग दरवर्षी नफ्यातून काही रक्कम घसारा म्हणून वजा दाखवायची, कारण वर्षाचा नफा मोजायचा तर त्यासाठी खर्ची पडलेली झीजही मोजायला हवी. आयकराच्या नियमांत गेली अनेक वर्षे साध्या यंत्रसामग्रीला १५ टक्के आणि फर्निचरला १० टक्के दराने घसारा धरतात. दुकानातल्या खुर्चीची झीज सरकारदरबारी लागू आहे. तिच्यावर बसलेल्या माणसाची नाही, आणि त्याला डबा करून देणाऱ्या बाईची तर नाहीच नाही.

ही नुसती शब्दांची कोटी नव्हे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर लोकांच्या दिवसाचा हिशेब घेतला. घरातल्या बिनपगारी कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवतात, असे आढळले. पुरुष ९७ मिनिटे. शिवाय हे ९७ जे पुरुष ही कामे करतात त्यांचेच. असे पुरुष चारात जेमतेम एक. २०११ च्या जनगणनेत घरकाम हेच आपले मुख्य काम, असे सांगणाऱ्या स्त्रिया सुमारे १६ कोटी होत्या आणि पुरुष ५८ लाखांच्या आसपास. हे सगळे आकडे सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२१ मधल्या एका निकालपत्रात आले आहेत. दिल्लीत २०१४ साली अपघातात गेलेल्या एका जोडप्याच्या नुकसानभरपाईचे ते प्रकरण होते. मिळवती नसलेल्या गृहिणीचेही उत्पन्न मानून हिशेब केला पाहिजे, हा मुद्दा त्यात ठामपणे मांडला गेला. त्याआधी २००१ साली, जमशेदपूरला १९८९ मध्ये एका समारंभात लागलेल्या आगीच्या प्रकरणात, याच न्यायालयाने गृहिणीच्या सेवेचे मोल महिना तीन हजार रुपये धरले होते.

न्यायालयांनी केले ते योग्यच. पण बाईच्या घरातल्या कामाची किंमत ठरण्यासाठी पहिली अट कोणती, तर ती बाई अपघातात गेलेली असली पाहिजे. यंत्राचा घसारा ते चालू असताना दरवर्षी लागतो. हिचा लागला, तर मरणोत्तर.

प्रथिनांचे म्हणाल, तर झीज भरून काढायला ती ताटात यावी लागतात. सगळ्यांचे झाल्यावर कढईत उरले त्यावर भागवण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे, आणि तिलाही आपल्याकडे कौतुकाचाच सूर लागतो. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. महाराष्ट्रात ५४ टक्के. पाचात तीन म्हणा, किंवा निम्म्याहून अधिक म्हणा. कौतुकाने ते भरून येत नाही.

आता हा शब्द सर्वाधिक कानावर पडतो त्या ठिकाणी येऊ, म्हणजे हाडांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात. क्ष-किरणाचे चित्र उजेडावर धरतात आणि सांगतात, ‘गुडघ्याची झीज झाली आहे.’ पन्नाशीनंतर हे वाक्य पुरुषांपेक्षा बायकांनाच अधिक ऐकावे लागते. ऐकणारी बाई मनाशी अर्थ लावते : झिजले ते झिजले, आता जपून वापरायचे. मग ती चालणे सोडते, जिना टाळते. घरकाम तेवढे सुटत नाही.

झीज या शब्दाने इथे थोडा घोटाळा केला आहे. सांध्यातल्या हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. त्या अस्तरात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ते सहज भरून येत नाही, हे खरे. पण त्याला पोषण मिळते ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव अस्तरात खेळता राहतो सांध्याच्या हालचालीने आणि त्यावर येणाऱ्या बेताच्या भाराने. चप्पल चालल्याने झिजते. गुडघा चप्पल नाही. या दुखण्यात कूर्चेबरोबर हाड, स्नायू, सांध्याचे आवरण अशा सगळ्यांचाच भाग असतो, असे आता वैद्यकशास्त्र मानते, आणि मांडीचे स्नायू बळकट करणारा, नेमाने केलेला व्यायाम हा उपचाराचा पाया समजतात. ऑपरेशन लागते ते काहींना, आणि बरेच पुढे.

तेव्हा डॉक्टर बाईंना व्यायामाचा कागद देतात. त्यावर माणसांची रेखाचित्रे असतात : खुर्चीवर बसून पाय सरळ करणारा माणूस, भिंतीला पाठ लावून उभा राहिलेला माणूस. रोज अर्धा तास, असे वर पेनाने लिहिलेले. बाई तो कागद पर्समध्ये ठेवतात. घरी आल्यावर तो फ्रिजला चुंबकाने लावला जातो आणि महिन्याभरात त्यावर दुधाचे बिल येते. आळस हे त्याचे कारण नसते. सकाळी साडेपाच ते रात्री साडेदहा या वेळात तो अर्धा तास बसवायचा कुठे, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. २९९ मिनिटांतून तीस काढायची तर ती कुणाच्या तरी नावे चढवावी लागतील. सकाळचा चहा आणि मुलांचे डबे, किंवा रात्रीचा ओटा आणि भांडी, एवढे जरी घरातल्या दुसऱ्या कुणी घेतले, तरी तीस मिनिटे सहज होतात. ९७ मिनिटांच्या रकान्यात जागा आहे, आणि ज्यांच्या नावापुढे अजून काहीच लिहिलेले नाही त्यांचा रकाना तर सगळाच मोकळा आहे.